कोड कधी चुकेल? नव्या प्रोग्रामरांसाठी काही कानमंत्र

मुला-मुलींनो, कॉलेज संपलं, नोकरी लागली, कंपनीचं ट्रेनिंगही आटोपत आलं. आता खऱ्या प्रोजेक्टवर जायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो. ‘मॅडम, मला जमेल ना?’ हा प्रश्न पुण्यात ट्रेनिंगच्या बॅचेस घेताना मी सतत ऐकते. कुणाची शाखा मेकॅनिकल असते, कुणी बीएस्सी करून आलेलं असतं, कुणाचं इंग्रजी कच्चं असतं. सगळ्यांना मी एकच सांगते: जमेल. आपल्याच पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या डीएसी कोर्समधून किती वेगवेगळ्या शाखांची मुलं बाहेर पडली आणि उत्तम प्रोग्रामर झाली, ते आजूबाजूला पाहा. शाखेने काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्हाला आजवर प्रोग्राम चालवायला शिकवलं. तो कधी चुकेल हे ओळखायला कुणी शिकवलं नाही. नोकरीतले तुमचे बरेचसे दिवस मात्र याच दुसऱ्या कामात जाणार आहेत.

सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, ठरलेल्या पैशांत बसत नाही आणि झालं तरी भरवशाचं नसतं, ही रड जुनी आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने भरवलेल्या परिषदेत त्या काळचे जाणकार याच चिंतेने एकत्र आले होते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तिथूनच सर्वतोमुखी झालं. त्यानंतर भाषा बदलल्या, यंत्रं बदलली, अडचणींची जात मात्र तीच राहिली. म्हणून पहिल्याच महिन्यात अडलात तर स्वतःला कमी लेखू नका. पुढे सांगते त्या गोष्टी मात्र गाठीला बांधून ठेवा.

पाच टाकून थांबू नका, आठ टाका

आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी चालत आलं. फॅक्टोरियलचा प्रोग्राम त्यात प्रत्येकाने लिहिलेला असतो. पाच टाकला, १२० आलं, प्रिंटआउट काढून जर्नलला लावलं, सरांची सही झाली, सबमिशन संपलं. आता त्याच प्रोग्रामला आठ द्या. उत्तर ४०,३२० यायला हवं. स्क्रीनवर येतं उणे २५,२१६.

या उणे आकड्यापाशी थांबायचं. टर्बो सीमधला इंट १६ बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्यापुढे गेलं की गणती उलटून ऋण बाजूला जाते. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करून पाहा, नेमके उणे २५,२१६ येतील. कॉम्प्युटरने एरर दाखवली नाही, प्रोग्राम बंदही पडला नाही. त्याने चुकीचं उत्तर बरोबर उत्तराच्याच थाटात दिलं. जर्नलमध्ये पाचचं उत्तर लावून सही घेणाऱ्या मुलाला हे कधीच दिसत नाही.

हीच ३२,७६७ ची मर्यादा ४ जून १९९६ रोजी युरोपच्या आरियान-५ रॉकेटला भोवली. रॉकेटच्या आडव्या वेगाशी निगडित अशी एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. हा कोड आधीच्या आरियान-४ मधून उचललेला. त्या रॉकेटचा आडवा वेग कमी, म्हणून तिथे ती संख्या कधी मर्यादेबाहेर गेली नव्हती. नव्या रॉकेटमध्ये ती मावली नाही आणि दिशा सांगणारा कॉम्प्युटर बंद पडला. राखीव कॉम्प्युटरमध्येही तोच कोड होता. तो तर क्षणभर आधीच बंद पडला होता. फ्रेंच गयानातल्या कुरूहून निघालेलं ते रॉकेट चाळीस सेकंदांच्या आत चार उपग्रहांसकट नष्ट झालं. त्यातही जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे, उड्डाण झाल्यानंतर आरियान-५ मध्ये ही आकडेमोड करणाऱ्या भागाचं काही कामच उरलेलं नव्हतं.

तेव्हा प्रोग्राम चालला की लगेच जागेवरून उठू नका. त्याला शून्य द्या, ऋण संख्या द्या, रिकामी यादी द्या, चालेल तेवढी मोठी संख्या द्या, आणि त्याहून एकने मोठी द्या. २९ फेब्रुवारी द्या. आकड्याच्या जागी अक्षर द्या. पैशांचा हिशेब असेल तर दशांश संख्यांवर विसंबू नका. जावास्क्रिप्टला किंवा पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ हा आकडा दोनच्या पद्धतीत पुरता लिहिताच येत नाही. रक्कम पूर्णांकात, पैशांमध्ये साठवा, किंवा त्यासाठीच बनवलेला डेसिमल प्रकार वापरा. ही सवय लागायला महिना जातो, पण ती जन्मभर पुरते.

एरर वाचा, मग ती पुन्हा घडवून दाखवा

एरर आली की नव्या मुलांचा हात आधी कॉपी-पेस्टकडे जातो. सर्च करायचं, पहिलं उत्तर उचलायचं, चिकटवायचं, नाही चाललं तर दुसरं. अर्ध्या तासाने कोडमध्ये चार ठिकाणी बदल झालेले असतात आणि मूळ दुखणं जागच्या जागी असतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत होते.

एरर आधी स्वतः वाचा. पूर्ण वाचा, शक्यतो मोठ्याने वाचा. कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीवर, काय हवं होतं आणि काय मिळालं, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. स्टॅक ट्रेसमध्ये आपण लिहिलेली ओळ कुठली ते शोधा. मग दुसरी पायरी: ती चूक हवी तेव्हा घडवून दाखवता येते का? जी चूक पुन्हा घडवता येत नाही ती दुरुस्त झाली की नाही हेही कळत नाही. घडवता आली की निम्मं काम झालं. मग कोडचा निम्मा भाग बाजूला काढा, चूक राहिली का पाहा, उरलेल्याचा पुन्हा निम्मा करा. चूक नेमकी कोणत्या कमिटपासून आली हे शोधायला गिटमध्ये बायसेक्टची सोयच आहे. एका वेळी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम काय झाला ते वहीत लिहा.

हे किती मोलाचं आहे ते थेरॅक-२५ च्या प्रकरणात दिसतं. कॅन्सरवर किरणोपचार करणारं हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना बेसुमार किरणांचा मारा केला. काहींचा त्यात जीव गेला. आधीच्या यंत्रात धोका रोखणारी यांत्रिक कुलपं होती. या यंत्रात ती काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात मार्च १९८६ मध्ये स्क्रीनवर आलं: ‘मालफंक्शन ५४’. याचा नेमका अर्थ काय, हे ऑपरेटरला सांगणारं पुस्तिकेत काही नव्हतं. असे संदेश रोजचेच असल्याने पुढे जाण्याचं बटण दाबायची सवय लागलेली होती. बनवणाऱ्या कंपनीला ती चूक आपल्याकडे घडवता येईना. शेवटी रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने त्याच ऑपरेटरला शेजारी बसवलं आणि तिने त्या दिवशी काय काय टाइप केलं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तेव्हा उलगडा झाला. माहिती भरल्यावर तिच्यात झटपट दुरुस्ती केली, तर प्रोग्रामच्या दोन भागांची एकमेकांशी चुकामूक होत होती. सरावलेला, भराभर टाइप करणारा हात असेल तेव्हाच ती चूक दिसायची.

यातून दोन गोष्टी घ्या. ज्याच्यापुढे चूक घडली त्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि त्याचा हात कसा चालतो ते पाहा. आणि स्वतः एररचा संदेश लिहाल तेव्हा वाचणाऱ्याला काय झालं आणि त्याने आता काय करायचं, हे दोन्ही कळेल असा लिहा.

प्रश्न विचारायला लाजू नका

कॉलेजात प्रश्नपत्रिका पूर्ण असते. कामाच्या ठिकाणी प्रश्नच अर्धवट येतो आणि तो पुरा करणं हा तुमच्या कामाचा भाग असतो. ‘गेल्या महिन्याचा रिपोर्ट हवा’ म्हणजे गेले तीस दिवस, की एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत? दिवस कुठल्या वेळेनुसार मोजायचा, भारतातल्या की क्लायंटच्या? आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्या अर्ध्या तासाचा विचार न केलेली सॉफ्टवेअर आजही सापडतात. रद्द झालेल्या ऑर्डरी धरायच्या की वगळायच्या? रक्कम करासकट की कराविना?

एकक तर कधीच गृहीत धरू नका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताच हरवलं. जमिनीवरचा एक प्रोग्राम धक्क्याचं माप पौंड-बलात देत होता आणि ते वापरणारा दुसरा प्रोग्राम ते न्यूटनमध्ये आहे असं धरून चालला होता. एक पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. एवढ्या फरकाने यान ठरल्यापेक्षा फारच खालून, मंगळाच्या वातावरणातून गेलं. प्रवासातच काहींना आकडे जुळत नसल्याची शंका आली होती, पण तिचा नीट पाठपुरावा झाला नाही. शंका आली की ती लेखी मांडा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. ‘एवढंही माहीत नाही का?’ असं कुणी म्हणालं तरी चालेल. न विचारलेला प्रश्न पुढे फार महागात पडतो.

आपल्या नावांनी टेस्ट करा

टेस्टिंगसाठी सगळे ‘जॉन स्मिथ’ किंवा ‘एबीसी’ टाकतात. मी मुलांना सांगते, ‘ज्ञानेश्वर’ टाका, देवनागरीत. आपल्या डोळ्यांना त्यात चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या हिशेबाने त्यात दहा चिन्हं आहेत, कारण हलन्त, काना, मात्रा सगळे वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये साठवलं की यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकूण तीस बाइट. डेटाबेसमध्ये नावाला वीसच बाइट ठेवले असतील आणि जास्तीचं कापायची सोय असेल, तर ‘ज्ञाने’ एवढंच उरतं आणि शेवटी एक फुटका चौकोन. त्या माणसाच्या दाखल्यावर, बिलावर, औषधाच्या चिठ्ठीवर तेच छापून येतं.

मग ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ टाका. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. मराठीतला हा ‘ऱ’ कॉम्प्युटरमध्ये तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: एकाच चिन्हाने, ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन चिन्हांनी. युनिकोडचं नॉर्मलायझेशन पहिल्या दोन तऱ्हा एक करतं. तिसरी तुम्हालाच सांभाळावी लागते. कुणी उत्साहाने सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकली की दऱ्यांचा दर्या होतो. आणि ‘कऱ्हाडे’ आडनावाच्या बाईंनी एका तऱ्हेने नोंदवलेलं नाव कारकुनाने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की स्क्रीनवर येतं, ‘नोंद सापडली नाही’. बाई समोर उभ्या असतात, कागद हातात असतात आणि कॉम्प्युटर म्हणतो की त्या नाहीतच.

आडनाव नसलेली माणसं, एकाच शब्दाचं नाव असलेली माणसं, वडिलांच्या नावाऐवजी आईचं नाव लावणारी माणसं, ही सगळी तुमच्या फॉर्ममधून पार पडली पाहिजेत. आपल्या लोकांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्या लिपीत आणि आपल्या नावांवर तपासलं गेलं पाहिजे. ते आपण नाही केलं तर कुणी करणार नाही.

लिहिण्याआधी वाचायला शिका

कॉलेजच्या चार वर्षांत कोड लिहायला लावणारे पेपर पुष्कळ असतात, दुसऱ्याचा कोड वाचायला लावणारा सहसा नसतो. कामावर मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचाच कोड समोर येतो. तो लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो, सोबतची कागदपत्रं जुनी झालेली असतात. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर यांनी १९८५ च्या एका निबंधात मांडलं, की प्रोग्राम म्हणजे लिहिलेल्या ओळी एवढंच नसतं. तो असा का बनवला, याची त्याच्या कर्त्यांच्या डोक्यातली समज हाच खरा ऐवज असतो. माणसं गेली की ती समजही जाते. म्हणून जुना कोड वाचताना ‘काय करतो’ एवढ्यावर थांबू नका, ‘असं का केलं असेल’ हे शोधा. गिटचा इतिहास उलगडा, जुन्या नोंदी वाचा, टीममधल्या जुन्या माणसाला गाठा. जे कळेल ते पुढच्या माणसासाठी लिहून ठेवा. कमिटच्या संदेशात ‘फिक्स केलं’ एवढंच लिहून कुणाचं भलं होत नाही.

नावाजलेला कोडसुद्धा बारकाईने वाचा. बायनरी सर्च तुम्हाला पाठ असेल. त्यात खालच्या आणि वरच्या टोकाची बेरीज करून दोनाने भागायचं, की मधली जागा मिळते. जावाच्या लायब्ररीत हीच ओळ सुमारे नऊ वर्षं होती आणि चुकीची होती. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी ते जाहीरपणे मांडलं. यादी फार मोठी असली तर ती बेरीज इंटमध्ये मावत नाही आणि मधली जागा ऋण येते. दोन टोकांतला फरक काढून, त्याचा निम्मा करून, तो खालच्या टोकात मिळवला की काम होतं. टर्बो सीमधल्या आठच्या फॅक्टोरियलचं दुखणं ज्याला समजलं त्याला हेही लगेच समजेल.

वापरात नसलेला कोड तसाच पडू देऊ नका

‘असू दे, काय बिघडतं’ म्हणून ठेवलेला जुना कोड एक दिवस उठतो. १ ऑगस्ट २०१२ च्या आधी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीला आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता; एक सर्व्हर राहून गेला. कित्येक वर्षं न वापरलेल्या कोडला चालू करणारी जुनी खूण नव्या कोडने दुसऱ्याच कामासाठी घेतली होती. त्या १ ऑगस्टला राहून गेलेल्या सर्व्हरवर ती खूण पोहोचताच जुना कोड जागा झाला आणि भराभर ऑर्डरी सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने धोक्याच्या ईमेल पाठवल्या होत्या, पण त्यांची दखल घेतली गेली नाही.

वापरात नसलेला कोड काढून टाका. गिटमध्ये तो सुरक्षित असतोच. डिप्लॉयमेंट हाताने, आठवणीवर करू नका, स्क्रिप्टकडून करून घ्या आणि शेवटी सगळीकडे एकच आवृत्ती आहे का ते तपासा. परत मागे यायचं कसं, हे पुढे जायच्या आधी ठरवा. आणि ज्या धोक्याच्या ईमेल कुणी उघडतच नाही, त्या बंद तरी करा किंवा एका माणसाच्या नावावर लावून द्या.

उशीर होणार असेल तर आजच सांगा

काम रखडलंय हे सोमवारीच कळलेलं असतं. सांगितलं जातं शुक्रवारी संध्याकाळी. मग रात्र थोडी आणि सोंगं फार. मॅनेजर घाबरून आणखी चार माणसं देतो आणि काम आणखी लांबतं. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हे स्पष्ट मांडलं आहे. कारण साधं आहे. नव्या माणसांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो आणि बोलणं वाढत जातं. पाच माणसांत बोलायच्या जोड्या दहा होतात, दहा माणसांत पंचेचाळीस.

म्हणून रोजच्या मीटिंगमध्ये ‘चालू आहे’ म्हणू नका. काय झालं, काय अडलं, कशाने सुटेल, ते सांगा. वेळेचा अंदाज देताना टेस्टिंग, रिव्ह्यू आणि दुरुस्ती धरा. खोटा अंदाज देऊन कुणाला खूश करू नका. लवकर सांगितलेला उशीर निभावून नेता येतो.

एआयने लिहिलेल्या ओळीलाही तुम्हीच जबाबदार

आता कोड लिहून देणारी एआयची साधनं हाताशी आहेत. वापरा, जरूर वापरा. पण नियम एक पाळा: जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही ती कमिट करायची नाही. ही साधनं पाचचं फॅक्टोरियल झटक्यात देतात. आठचं काय होतं ते तुम्हाला विचारावं लागतं. शिकण्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांत रोज थोडा वेळ त्यांच्याविना काम करा. अडून बसण्यातून जी समज येते, ती आयत्या उत्तरातून येत नाही. आणि चूक झाली तर ‘ते टूलने लिहिलं होतं’ हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही, घेऊही नये.

समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरू नका

हा कानमंत्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये फुजित्सु कंपनीचं होरायझन नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर १९९९ पासून बसवलं गेलं. गावोगावी छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्या लोकांच्या खात्यांत त्यात पैसे कमी दिसू लागले. ‘आम्ही एक पेनीही घेतलेली नाही, तुमची यंत्रणा चुकतेय’ असं ते परोपरीने सांगत होते. कॉम्प्युटर नीट चालतो असंच कायदाही गृहीत धरत होता. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते आणि ते आतल्या काही लोकांना ठाऊक होते, तरी २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, कितीतरी कर्जबाजारी झाले, काहींनी जीव दिला. २०२४ साली संसदेने खास कायदा करून त्यांतल्या शेकडो जणांची दोषसिद्धी रद्द केली. तोवर उभी आयुष्यं गेली होती.

रेशनच्या दुकानात अंगठा जुळत नाही म्हणणारी आजी, शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणणारा विद्यार्थी, पगारातून दोनदा पैसे कापले गेले म्हणणारा वॉचमन, यांची तक्रार तुमच्यापर्यंत तिकिटाचा एक नंबर होऊन येते. त्या नंबरामागे माणूस आहे. ‘आमच्याकडे तर बरोबर दिसतंय’ असं लिहून तिकीट बंद करू नका. आधी आपला कोड तपासा. एखादी चूक माहीत असताना ती दडवायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा, आणि ते लेखी म्हणा. नोकऱ्या दुसऱ्या मिळतात.

आता थोरांसाठी

हे सगळं नव्या मुलांनी एकट्याने करायचं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यांनी त्यांना घडवायचं, त्यांनाही मला काही सांगायचं आहे.

प्राध्यापकांनो, चालणारा प्रोग्राम पाहून सही देऊ नका. ओरलला विचारा, ‘हा कोणत्या इनपुटला फसेल?’ आणि त्या उत्तराला मार्क द्या. मुद्दाम बिघडवलेले प्रोग्राम देऊन दोष शोधायला लावा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दरवर्षी कोऱ्या पाटीवर सुरू करण्यापेक्षा आदल्या बॅचचा प्रोजेक्ट पुढच्या बॅचला दुरुस्त करायला, वाढवायला द्या. दुसऱ्याचा कोड वाचणं काय असतं, हे एका वर्षात समजेल आणि पुढचा कुणीतरी आपला कोड वाचणार आहे या जाणिवेने आधीची बॅचही नीट लिहील.

कंपन्यांमधल्या वरिष्ठांनो, फ्रेशरला तीन महिने स्लाइड्स दाखवून मग थेट डेडलाइनच्या तोंडी देऊ नका. पहिले काही आठवडे खऱ्या कोडमधल्या लहान चुका दुरुस्त करायला द्या आणि सोबत बसा. गाण्याची तालीम जशी गुरूसमोर बसूनच होते, तसंच हे आहे: तुम्ही चूक कशी शोधता, कुठे थबकता, काय पाहून संशय घेता, हे त्याला शेजारी बसूनच दिसतं. रिव्ह्यूमध्ये कोडबद्दल बोला, माणसाबद्दल नको. चारचौघांत तर नकोच. ज्या टीममध्ये चूक कबूल करणाऱ्याला ओरडा बसतो, तिथे चुका थांबत नाहीत, फक्त दडवल्या जातात. आणि नव्या मुलीने ‘हे असं का?’ विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही, तर तो प्रश्न तिथेच सोडू नका, तिच्यासोबत शोधा.

तुमच्या टीममध्ये यंदा जी मुलं आली आहेत, त्यांच्यापैकी एकाला रोज अर्धा तास द्या. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, एरर त्यालाच वाचायला लावा, कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या. प्रोग्रामर असाच तयार होतो; याहून जवळचा रस्ता नाही.